अखाद्य तेलाचे डिझेल : तक्त्यावर न मांडलेला हिशेब

शालेय विज्ञान प्रदर्शनात जैवडिझेलचा प्रयोग हमखास असतो. करंजाचे किंवा मोगली एरंडाचे तेल, मिथेनॉल आणि थोडा कॉस्टिक सोडा. मिश्रण गरम करून ढवळले व स्थिर ठेवले की वर फिकट एस्टर, खाली दाट ग्लिसरीन. मिथेनॉल विषारी असल्याने शिक्षकांनी जवळ असावे, एवढे पथ्य पाळले तर प्रयोग उत्तम. आमचा आक्षेप आहे तो शेजारच्या तक्त्यावरील विधानांना.

‘हे इंधन संपूर्ण वनस्पतिजन्य आहे.’ ओलेइक आम्लाच्या मिथिल एस्टरमध्ये कार्बनचे १९ अणू असतात. त्यांतला एक मिथेनॉलमधून येतो आणि मिथेनॉल बहुतांशी नैसर्गिक वायू किंवा दगडी कोळशापासून बनते.

‘ते कोणत्याही तेलापासून सहज बनते.’ बी जुने वा ओलसर असेल तर तेलातील मुक्त मेदाम्ले वाढतात. सोड्याशी त्यांचा साबण होतो आणि थर नीट वेगळे होत नाहीत. मग आधी आम्ल वापरून त्यांचे एस्टर करावे लागते, खर्च वाढतो.

‘तेल अखाद्य, म्हणून अन्नाशी स्पर्धा नाही.’ हे विधान सर्वांत फसवे. मोगली एरंड हलक्या जमिनीत जगतो हे खरे; पण जगणे वेगळे आणि भरपूर बी देणे वेगळे. हेक्टरी १ टन बी व त्यात ३० टक्के तेल धरले, तर वर्षाला सुमारे ३३० लिटर डिझेल मिळेल. लिटरला ५ किलोमीटर धावणारी बस तेवढ्यात मुंबई-नागपूर जेमतेम एकदा जाऊन येईल. उत्पन्न वाढवायचे तर पाणी व खत हवे, म्हणजे पुन्हा पिकांशीच स्पर्धा. शिवाय कागदावरची ‘पडीक’ जमीन अनेकदा गावाचे चराऊ रान असते.

२००९ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणाने २०१७ पर्यंत २० टक्के मिश्रणाचे उद्दिष्ट ठेवले होते. जैवडिझेलच्या बाबतीत ते फार दूर राहिले. २०१८ च्या धोरणाने २०३० साठी ५ टक्के जैवडिझेल ठरवले आणि वापरलेल्या खाद्यतेलाचाही कच्च्या मालात समावेश केला.

म्हणून प्रयोग बंद करावा असे आम्ही म्हणत नाही. बांधावरच्या करंजाचे बी गोळा करून गावातला पंप चालवणे ही उपयुक्त गोष्ट आहे. पण तक्त्यावर विद्यार्थ्यांनी आणखी एक रकाना आखावा : जमीन किती, पाणी किती आणि ती जमीन आज कोण वापरते?