अडलेल्याचा सौदा : ब्रूस चॅटविन यांची 'उट्झ'

इंग्रज लेखक ब्रूस चॅटविन यांची 'उट्झ' ही छोटी कादंबरी १९८८ साली प्रसिद्ध झाली. दोन बैठकांत वाचून होईल एवढीच आहे. कास्पर उट्झ हा प्रागमधला चिनी मातीच्या नाजूक वस्तूंचा शौकीन. त्याच्या दोन खोल्यांच्या घरात माइसेनच्या हजारावर वस्तू आहेत आणि खिडकीतून जुने यहुदी कब्रस्तान दिसते. उट्झच्या मरणानंतर सगळा संग्रह संग्रहालयाला द्यायचा, या अटीवर कम्युनिस्ट सरकारने तो त्याच्याकडे राहू दिला आहे.

चॅटविन पूर्वी लंडनच्या सदबीज या लिलावगृहात नोकरीला होते. त्यामुळे या धंद्याचे वर्णन पक्के उतरले आहे. माइसेनचा कारखाना जर्मनीत १७१० साली सुरू झाला. एकमेकींना छेदणाऱ्या दोन निळ्या तलवारी ही त्याची खूण. पण तिची नक्कल पुष्कळांनी केली, म्हणून जाणकार नुसती खूण पाहून भाव करीत नाही. तो भिंग घेऊन रंग तपासतो. छापील चित्रात बहुधा बारीक ठिपके दिसतात, हाताने रंगवलेल्यात कुंचल्याचा फटकारा दिसतो. टवका उडाला असेल, जोडकाम असेल, तर किंमत उतरते.

प्रागचे रब्बी लोव आणि मातीचा गोलेम यांची कथा लेखकाने या छंदाशी छान जोडली आहे. मातीच्या वस्तूंवर जीव लावणे ही मूर्तिपूजाच नव्हे का, हा प्रश्न वाचकाच्या मनात राहतो.

माझी तक्रार दुसरीकडे आहे. नोव्हेंबर १९३८ च्या क्रिस्टलनाख्तच्या आठवड्यात उट्झ घाईने बर्लिनला जातो आणि देश सोडू पाहणाऱ्या यहुद्यांकडून वस्तू विकत घेतो. हे सारे दोन-तीन वाक्यांत उरकले आहे. वस्तू घेणाऱ्याचे नाव, गाव, आवडनिवड आपल्याला कळते. विकणाऱ्याचा मात्र चेहराही दिसत नाही. बोचरा विनोद म्हणून ते चालेल, पण एवढ्यावर पान उलटणे मला जमले नाही. तो भाव वस्तूचा नव्हता, भीतीचा होता.

आपल्याला भारतातून कोणी हाकलले नाही, तेव्हा बरोबरी करू नये. तरी आलियाची तारीख ठरल्यावर कपाट, पलंग, काचसामान काय भावाने गेले, ते आपल्यातल्या पुष्कळांना आठवत असेल. निघायची घाई घेणाऱ्याला बरोबर कळते.

म्हणून कादंबरी जरूर वाचावी. आणि आजीच्या बशा कधी विकायच्या झाल्याच, तर दोन ठिकाणी भाव विचारावा, घाई करू नये. त्या कोणाच्या होत्या, कुठून आल्या, हे एका कागदावर लिहून मुलांजवळ ठेवावे. उट्झने बर्लिनहून आणलेल्या वस्तूंबरोबर असा कागद आला नाही.