अभय कुणाला म्हणायचं?
(कसाल इथं झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)



आयोजकांनी मला विषय दिला होता ‘श्रद्धा आणि भीती’. एवढ्या मोठ्या विषयावर तासभर बोलणं अवघड नसतं, पण त्यातून हाताला काही लागत नाही. म्हणून मी तो लहान करून घेतला. गंभीर आजार असलेलं मूल दत्तक घ्यायची वेळ येते, तेव्हा श्रद्धेचं आणि भीतीचं नेमकं काय होतं, एवढंच आज बघू.

हे डोक्यात यायला कारण घडलं. गेल्या गणपतीत एक जोडपं माझ्याकडे आलं. दोघं तिशीतली, याच बाजूची. दत्तकासाठी नाव नोंदवलेलं होतं. त्यांना एका मुलीची माहिती मिळाली होती. तिला जन्मापासून हृदयाचा दोष होता. दोघं गप्पच बसली होती. मग ती म्हणाली, “सर, आम्हांला भीती वाटते. आमची श्रद्धा कमी पडते का?”

त्या दिवशी मी काही उत्तर दिलं नाही. आज देणार आहे. पण त्याआधी दोन प्रकारच्या बोलण्यावर टीका करायची आहे, कारण या प्रश्नाभोवती तीच दोन बोलणी ऐकू येतात.

पहिलं बोलणं कौतुकाचं. असं मूल कुणी घेतलं की आपण लगेच ‘देवमाणूस’ म्हणून मोकळे होतो. विदर्भात अचलपूर तालुक्यात वझ्झर नावाचं गाव आहे. तिथं शंकरबाबा पापळकरांनी शंभराहून अधिक अनाथ दिव्यांग मुलांना आपलं नाव दिलं. 2024 साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांची एक दृष्टिहीन मुलगी लोकसेवा आयोगाची परीक्षा उत्तीर्ण झाली, हेही आपण पेपरात वाचलं. आता बघा, बाबा स्वतः वर्षानुवर्षं काय मागतायत? अठरा वर्षं पुरी झाली की बालगृहातल्या मुलानं बाहेर पडायचं, हा नियम दिव्यांग मुलांना लावू नका, त्यांच्या आयुष्यभराच्या पुनर्वसनाचा कायदा करा. त्यांचं म्हणणं आहे हे, आणि ते भीतीतून आलेलं आहे. या मुलांचं पुढं काय, ही भीती. आपण त्या माणसाला हार घातला आणि त्याची भीती मात्र ऐकली नाही. ‘देवमाणूस’ म्हटलं की तो आपल्यातला राहत नाही, मग त्यानं जे केलं ते आपल्याला करावं लागत नाही. कौतुकाचा हा उपयोग आपण फार करतो.

दुसरं बोलणं शहाणपणाचं. “विकतचं दुखणं कशाला?” हे म्हणणारी माणसं वाईट नसतात, बहुतेक वेळा घरातलीच असतात. या बोलण्याची मुळं कुठं आहेत? आपल्याकडे दत्तक हा मुळात मुलासाठी नव्हताच, तो घराण्यासाठी होता. वंश चालावा, पिंड पडावा, वतन राहावं यासाठी. म्हणून मुलगी दत्तक घेता येत नव्हती, तो हक्क 1956च्या कायद्यानं आला. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात जन्मांध, बहिरे, मुके यांना वारसाहक्कातून वगळलेलं आहे. त्यांना पोसावं एवढं मात्र म्हटलंय. हे वगळणं बरंचसं दूर करायला 1928चा कायदा यावा लागला, आणि आजार किंवा व्यंग यामुळं कुणाचा वारसा जात नाही हे स्पष्टपणे 1956 साली लिहिलं गेलं. म्हणजे माझ्या जन्माच्या आसपासची गोष्ट. तेव्हा ‘विकतचं दुखणं’ या दोन शब्दांमागं हजारो वर्षांचा हिशेब उभा आहे. मूल घराण्याच्या उपयोगाचं हवं, हा तो हिशेब.

आता नाटकाकडे येतो. जयवंत दळवी आपले, आरवलीचे. त्यांची दोन नाटकं शेजारी ठेवून बघा, ‘संध्याछाया’ आणि ‘नातीगोती’. ‘संध्याछाया’त दोन धडधाकट, हुशार मुलगे आहेत. एक अमेरिकेत, दुसरा विमानदलात. शेवटी घरात राहतात ते दोन म्हातारे. ‘नातीगोती’त मतिमंद मुलगा आहे. रंगभूमीवर तो अतुल परचुरेंनी उभा केला, आईबाप स्वाती चिटणीस आणि दिलीप प्रभावळकर. तिथं मुलगा कुठंच जाणार नाही, हीच आईबापांची भीती. एका नाटकात मुलं सोडून जातात याचं दुःख, दुसऱ्यात मूल कधीच सुटं होणार नाही याचं. दोन्ही एकाच लेखकानं लिहिलीत. मला यातून एवढं दिसतं की निरोगी मुलाच्या बाबतीत आपल्याला जी हमी वाटते, ती हमी नसतेच. तिथं आपण भीतीचा विचार करत नाही, एवढाच फरक.

पण ‘नातीगोती’बद्दल एक तक्रारही आहे. तक्रार नाटकाबद्दल कमी, आपल्या प्रेक्षकांबद्दल जास्त. त्या आईबापांसाठी आपण रडतो, कारण त्यांच्या वाट्याला ते आलं. त्यांनी मागितलं नव्हतं. आता कल्पना करा, तोच मुलगा त्यांनी सगळं माहीत असून दत्तक घेतला असता. बाप थकून म्हणाला असता, “आता होत नाही माझ्याच्यानं.” प्रेक्षकांतून काय आलं असतं? “मग घेतलात कशाला?” पोटच्या मुलाच्या आईला रडायची मुभा आहे. दत्तक आईला नाही, कारण तिनं निवडलं. त्या जोडप्याला आजाराची भीती होतीच. पण याचीही होती. आपल्याला पुढं कधी ‘दमलो’ म्हणायचा हक्क राहणार नाही याची.

आता माझ्या शास्त्राकडे. डेन्मार्कमध्ये किर्केगार्द नावाचा तत्त्वज्ञ होऊन गेला. 1843 साली त्याचं ‘भय आणि कंप’ हे पुस्तक आलं. बायबलमधल्या अब्राहामाला देव सांगतो, तुझ्या मुलाचा बळी दे. अब्राहाम निघतो. वरवर वाचणाऱ्याला वाटतं, श्रद्धा म्हणजे देवासाठी मूल सोडायची तयारी. मी बरीच वर्षं वर्गात असंच शिकवलं. पण किर्केगार्दचा रोख वेगळा आहे. सोडून देणं ही तितकी अवघड पायरी नाही, ते एखादा विरक्त माणूसही करील, असं त्याचं म्हणणं. श्रद्धा पुढं आहे. हे मूल मला याच जगात, याच आयुष्यात परत मिळेल असं धरून चालणं, आणि मिळालं की आनंदानं घेणं. आणि त्या तीन दिवसांच्या वाटेवर अब्राहामाची भीती गेलेली नाही. पुस्तकाच्या नावातच ती आहे. स्पिनोझानंही दाखवून दिलंय की आशा आणि भीती एकमेकींशिवाय राहत नाहीत. तेव्हा ‘भीती वाटते म्हणजे श्रद्धा कमी’ हे समीकरण तत्त्वज्ञानात टिकत नाही.

“पण सर, गीतेत अभय सांगितलंय,” असं कुणी म्हणेल. बरोबर. सोळाव्या अध्यायात दैवी गुणांची यादी अभयापासूनच सुरू होते. आपण तो शब्द ‘भीती न वाटणं’ असा घेतो, टीकाकारांनीही तसा घेतला आहे. पण आपल्याच परंपरेत दुसरा शब्द आहे, अभयदान. देवाच्या मूर्तीचा उजवा हात वर असतो, त्याला आपण अभयमुद्रा म्हणतो. तो हात ‘मला भीती वाटत नाही’ असं सांगत नाही. समोरच्याला सांगतो, ‘तू भिऊ नको.’ अभय ही आधी दुसऱ्याला द्यायची गोष्ट आहे. ते देताना आपला हात थरथरला तरी घेणाऱ्याचं काही बिघडत नाही. रात्री मुलाला फणफणून ताप असतो, आईच्या पोटात गोळा असतो, आणि ती म्हणते, “काही नाही, मी आहे.” ती खोटं बोलते का? मला नाही वाटत.

आता एक स्वतःचं सांगतो. बायको समोर बसली आहे, तिला विचारूनच सांगतोय. 1984 साली आम्हांला एक मुलगी दाखवली होती. दीडेक वर्षाची असेल. रडली की ओठ निळे पडायचे. डॉक्टर म्हणाले, हृदयात दोष आहे, शस्त्रक्रिया होऊ शकते, पण सांगता येत नाही. मी विचारलं, शंभरात किती वाचतात? एका डॉक्टरांनी एक आकडा सांगितला, दुसऱ्यांनी दुसरा. मी घरी येऊन वाचत बसलो. पैसे नव्हते हे खरं, भीती होती हेही खरं. पण मी बायकोला यांतलं काहीच सांगितलं नाही. मी म्हणालो, “अजून विचार करायला हवा.” त्या विचारात पाच महिने गेले. मग आम्ही नाही कळवलं. तिचं पुढं काय झालं, मला माहीत नाही. आम्हांला मूल झालं नाही. त्यानंतर बायको या विषयावर मला एकदाच बोलली. “तुमी उत्तर सोदत बसलात आणि ता चेडू थंयच रवला.”

नाही म्हणणं हा गुन्हा नव्हे, हे मला ठासून सांगायचंय. झेपत नसेल तर नाही म्हणावं, त्यात मुलाचंही भलं असतं. माझी चूक वेगळी. मी भीतीला भीती म्हटलं नाही, तिला विवेकाचा अंगरखा घातला. नावानिशी सांगितली असती तर तिच्यातली निम्मी भागीदारी बायकोनं घेतली असती.

दुसरी चूक आकड्याची. पंढरपूरचं ‘पालवी’ आठवा. 2001 साली मंगलताई शहांनी एचआयव्ही असलेल्या दोन लहान मुली सांभाळायला घेतल्या. तेव्हा कुठल्याही शहाण्या माणसानं सांगितलं असतं, ही मुलं जगणार नाहीत, त्यांचा शेवट सोसायची तयारी ठेवा. ते गणित त्या दिवशी चुकीचं नव्हतं. पण एप्रिल 2004 पासून सरकारनं या आजारावरची औषधं मोफत द्यायला सुरुवात केली, आणि ज्यांचं मरण गृहीत धरलेलं त्यातली मुलं मोठी झाली, शिकली. भीतीच्या गणितावर तारीख लिहिलेली असते, आपण ती वाचत नाही. आज जन्मजात दोष असलेली मुलं शोधायला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे, 2013 पासून. हृदयाच्या शस्त्रक्रिया त्यातून आणि महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून होतात. 1984 साली यातलं काहीच नव्हतं. असतं तरी मी आणखी एखादं पुस्तक काढून बसलो असतो, ते वेगळं.

सगळ्यात खोल भीती राहिली. “आमच्यामागं याचं काय?” ही भीती श्रद्धेनं घालवू नका. ती स्वतःसाठी नाही, मुलासाठी आहे. ती प्रेमाचीच एक बाजू आहे. तिला कागदावर उतरवा. सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता, मतिमंदत्व असलेल्यांसाठी 1999चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे. जिल्हाधिकारी ज्या समितीत असतात ती समिती अशा व्यक्तीला कायदेशीर पालक नेमून देते. म्हणजे हा प्रश्न विचारायची एक जागा इथं ओरसलाच आहे. कायद्यानं भीती संपत नाही, पण तिला कुठं जायचं ते कळतं.

शेवटचा मुद्दा आपल्या देवळातला. आपल्याकडे देवाशी बोलायच्या दोन रीती आहेत. एक कौल. कळे लावायचे आणि उजवा पडतो की डावा ते बघायचं. कौलाला मी नावं ठेवत नाही. पण मूल घ्यावं की नको यासाठी जो कौल लावतो, त्याला पुढं जड गेलं तर म्हणता यावं, ‘देवानं सांगितलेलं.’ मी आकडे विचारत होतो तोही कौलच होता, फक्त डॉक्टरांना लावलेला.

दुसरी रीत गाऱ्हाण्याची. गाऱ्हाण्यात काय असतं? रोगराई, अडीअडचण, वाकडं पाऊल, सगळी भीती मोठ्यानं, चारचौघांत, नाव घेऊन सांगायची. कुणी म्हणत नाही, याची श्रद्धा कमी. उलट प्रत्येक वाक्याला सगळे म्हणतात, ‘व्हय म्हाराजा’. श्रद्धा आणि भीती एका दमात बोलायची ही रीत आपल्या आज्यापणज्यांनी घालून दिली आहे. आपण ती नारळ फोडण्यापुरती ठेवली.

म्हणून त्या जोडप्याला माझं उत्तर असं. तुमची श्रद्धा कमी नाही. घ्यायचं की नाही ते तुम्ही ठरवा, मी सांगणार नाही. फक्त ठरवण्याआधी एकमेकांसमोर आणि घरच्यांसमोर तुमचं गाऱ्हाणं घाला, सगळं, पैशांसकट. आणि आपण बाकीच्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हटलं तर त्याचा अर्थ काय, तोही समजून घेऊ. त्या मुलीला पहाटे बांबोळीला न्यायचं असेल तर गाडी कोण काढणार? दुसऱ्या मुलाला शाळेतून कोण आणणार? महिनाभर डबा कोण पोचवणार? तेवढं जमत नसेल तर निदान ‘मग घेतलात कशाला’ एवढं तरी म्हणू नका.

(व्याख्यानानंतर एका श्रोत्यानं विचारलं, “सर, आज ती मुलगी दाखवली तर तुम्ही घ्याल?”)

या वयात कायदा मला देणार नाही, आणि ते बरोबर आहे. पण त्या जोडप्यानं घेतली, तर दवाखान्यात रात्री बसायला माणूस लागेल. म्हाताऱ्यांना तशीही झोप येत नाही. आमची दोघांची नावं लिहून ठेवा, असं मी त्यांना कालच कळवलंय.