पाथरवटाच्या हातचे सुतारकाम

कोरियाच्या नैर्ऋत्येला नांदलेले बेकजेचे राज्य ६६० साली बुडाले. गोंगजू, बुयो आणि इक्सान इथल्या त्याच्या अवशेषांना २०१५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाचा दर्जा दिला. तिथे तटबंद्या आहेत, राजांच्या समाध्या आहेत. पण बेकजेच्या कारागिरांची नजर पाहायची असेल तर दोन दगडी मनोऱ्यांपाशी रेंगाळावे.

पहिला मनोरा इक्सानच्या मिरुकसा मंदिराचा. तळमजल्याच्या प्रत्येक बाजूला तीन खण आहेत आणि मधल्या खणात दार आहे. चारही दारांतून निघणाऱ्या वाटा आत मधल्या दगडी खांबापाशी मिळतात. बाहेरचे खांब पायाशी रुंद आणि वर किंचित निमुळते आहेत, कोपऱ्यातले तर इतरांहून जरासे उंच. लांब आडवी रेघ सरळ असली तरी डोळ्याला टोकांशी झुकल्यासारखी वाटते, म्हणून सुतार कोपरा थोडा उचलून घेतो. वर तुळया, त्यांच्यावर पायरीपायरीने पुढे येणारे थर आणि मग छपराची वळचण. ही सगळी लाकडी बांधकामाची रीत; यातले काहीच दगडाला आवश्यक नव्हते. तरीही ग्रॅनाइटचा एकेक तुकडा तासून पाथरवटाने सुताराचे सगळे हिशेब जपले. इतकी निष्ठा हट्टाशिवाय येत नाही, आणि हा हट्ट फार देखणा आहे.

मधल्या खांबाच्या पोटात २००९ साली पवित्र अवशेषांचा धातुकरंडक सापडला, सोबत १९३ अक्षरे कोरलेला सोन्याचा पत्रा. अक्षरांच्या रेघांत लाल रंग भरलेला आहे. ६३९ साली राणीने हे अवशेष इथे ठेवल्याचे त्यावर लिहिले आहे. ही राणी बेकजेच्याच एका सरदाराची मुलगी. मंदिराची मूळ प्रेरणा शेजारच्या सिल्ला राज्याच्या राजकन्येची, असे सांगणाऱ्या लाडक्या दंतकथेशी हे जुळत नाही. मला पत्रा अधिक प्रिय आहे, कारण त्यात एका खऱ्या बाईची प्रार्थना आहे.

ढासळलेल्या बाजूवर १९१५ मध्ये काँक्रीट ओतले गेले होते. २००१ पासून मनोरा दगड-दगड सोडवून पुन्हा रचला आणि २०१९ मध्ये तो खुला झाला. मूळचे मजले नऊ असावेत. रचले मात्र सहाच, जिथवर पुरावा होता तिथवर, आणि पडकी बाजू पडकीच दिसू दिली. पूर्वेचा जोडीदार मनोरा त्याआधी यंत्राने कापलेल्या दगडांत नऊ मजल्यांचा उभा केला होता. त्याच्या कडा सुरीसारख्या सरळ आहेत आणि नजर तिथे कुठेच थांबत नाही. पश्चिमेच्या या मूळ मनोऱ्यात जुन्या दगडावरच्या टाकीच्या खुणांशी ती लगेच अडते.

दुसरा मनोरा बुयोच्या जोंगनिमसा मंदिराचा. पाच मजले, १४९ दगड, उंची ८.३३ मीटर. अभ्यासक साधारणपणे हा नंतरचा मानतात, आणि डोळ्यालाही ते पटते. इथे पाथरवटाला काय सोडायचे ते कळले आहे. दारे गेली, आतल्या वाटा गेल्या, वळचणीखालचे थर आटोपशीर झाले. निमुळते कोपऱ्याचे खांब मात्र राहिले. पहिला मजला उंच, आणि दुसरा एकदम ठेंगणा. या एका उडीमुळे वरचे चार मजले हलके होऊन वर चढतात. छपराचे दगड रुंद, पातळ. त्यांची कड जवळजवळ शेवटपर्यंत सपाट धावते आणि अगदी टोकाशी हलकेच उचलते. हा उठाव थोडा आधी सुरू झाला असता तर मनोरा नखरेल झाला असता; नसताच तर जड.

पहिल्या मजल्याच्या अंगावर चीनच्या तांग घराण्याचा सेनापती सू दिंगफांग याच्या विजयाचा लेख आहे, ६६० मध्ये बेकजे जिंकल्यावर कोरलेला. त्यामुळे मनोरा कित्येक शतके त्या विजयाच्या नावाने ओळखला गेला. पुढे १९४२ च्या उत्खननात सापडलेल्या, १०२८ सालच्या एका कौलावरून जोंगनिमसा हे नाव मिळाले. लेख वाचताना शेजारचा कोपऱ्याचा खांबही पाहून घ्यावा. सेनापतीच्या कोरक्यांनी भिंतीचा पृष्ठभाग वापरला, पण खांबाची ती निमुळती रेषा बेकजेच्या पाथरवटाने लावली तशीच आहे.