नाटक कोणाच्या घरात घडते?

नाटक किंवा माहितीपट पाहताना मी अलीकडे एकच गोष्ट आधी पाहतो. आमचा माणूस तिथे स्वतः बोलतो, की त्याच्याविषयी दुसरेच बोलतात? त्याचे दुःख दाखवले आहे की नाही, हा प्रश्न मला आता पुरेसा वाटत नाही. दुःख दाखवणे सोपे झाले आहे. प्रस्थापितांच्या रंगभूमीला आणि पडद्याला त्याची चटक लागावी इतके ते दाखवून झाले आहे. त्या दुःखाची कारणे कोण सांगतो आणि प्रेक्षकाला कोणाच्या दारातून आत नेले जाते, यावरून कलाकृतीची बांधिलकी कळते. पुढे लिहितो आहे ते एका प्रेक्षकाचे मत म्हणून वाचावे. सैद्धान्तिक मांडणीचा आव मला आणायचा नाही.

विजय तेंडुलकरांचे 'कन्यादान' १९८३ साली रंगभूमीवर आले. या नाटकापायी त्यांच्यावर चप्पल भिरकावली गेली आणि याच नाटकाला पुढे १९९३ चा सरस्वती सन्मानही मिळाला. नाथ देवळालीकर हा समाजवादी आमदार. पत्नी सेवा समाजकार्यात. मुलगी ज्योती अरुण आठवले या दलित तरुण कवीशी लग्न करते. अरुण दारू पितो, गरोदर बायकोवर हात टाकतो. त्याचे आत्मचरित्र गाजते आणि त्या पुस्तकाची भरसभेत स्तुती करण्याची पाळी नाथवर येते.

दलित तरुण असा रंगवलाच का, हा या नाटकावरचा नेहमीचा आक्षेप. तो मला मान्य नाही. बायकोला मारणारा नवरा आमच्या वस्तीत नाही असे कोण छातीठोकपणे म्हणेल? बेबीताई कांबळे यांनी 'जिणं आमुचं'मध्ये आणि ऊर्मिलाताई पवार यांनी 'आयदान'मध्ये घरातल्या पुरुषाची दंडेली झाकून ठेवलेली नाही. आमच्या बायांनी सांगितलेले सत्य तेंडुलकरांच्या लेखणीतून उतरले म्हणून ते खोटे ठरत नाही. अरुणच्या बदनामीची आपण जेवढी चिंता केली तेवढी ज्योतीच्या अंगावरच्या वळांची केली काय, हे चळवळीतल्या पुरुषांनी स्वतःला विचारून पाहावे.

माझा आक्षेप निराळा आहे. हे नाटक देवळालीकरांच्या घरात घडते. अरुण तिथे येतो, बुजतो, बुजल्याचा सूड म्हणून उर्मट बोलतो, ज्योतीचा हात पिरगाळतो. त्याच्या खोलीचा उंबरा मात्र नाटक ओलांडत नाही. ज्योतीला मार तिथे बसतो आणि आपल्याला त्याची वार्ता दिवाणखान्यात कळते. अरुण स्वतःच्या वागण्याचे कारण सांगतो ते असे की बाप आईला मारायचा. झाले! हिंसा वारशाने आली, रक्तातून आली, असा अर्थ घेऊन मध्यमवर्गीय प्रेक्षक घरी जायला मोकळा. बेबीताई हीच गोष्ट सांगतात तेव्हा ती कशी सांगतात हे पडताळून पाहावे. गावाने ज्यांना गुलाम केले त्यांनी आपल्या हुकमतीसाठी घरातली सून गुलाम केली, अशी त्यांची संगती आहे. तिथे मारणाऱ्या हाताला सूट नाही. पण त्या हातामागचा गावगाडाही दिसतो. 'कन्यादान'मध्ये गावगाडा नाही, दिवाणखाना आहे.

आणि ते आत्मचरित्र! नाटकातील एवढा मोठा पेच त्या पुस्तकाभोवती फिरतो, पण ते चांगले की दांभिक याचा निवाडा देवळालीकर कुटुंबच करते. पुस्तकाने स्वतःसाठी बोलावे एवढी जागा नाटककाराने ठेवलेली नाही. शेवटी ज्योती बापाला जे सुनावते ते मात्र जबर आहे. आपल्या तत्त्वाची परीक्षा मुलीच्या आयुष्यावर घेणाऱ्या सुधारकाचे इतके निर्दय चित्र मराठीत क्वचितच आले असेल. तेंडुलकरांना नाथ आरपार दिसला आहे. अरुण त्यांना तेवढाच दिसला, जेवढा तो नाथच्या खुर्चीतून दिसतो.

याच्या शेजारी प्रेमानंद गज्वी यांचे 'किरवंत' ठेवून पाहा. हे नाटक डॉ. श्रीराम लागू यांनी रंगभूमीवर आणले. अंत्यविधी करणारा म्हणून इतर ब्राह्मण ज्याला अशुभ मानतात, पंक्तीला घेत नाहीत, अशा किरवंताच्या घरची ही कथा. आमच्या लेखकाने ब्राह्मणाचे दुःख कशाला लिहावे, आमचे संपले काय, असा प्रश्न चळवळीतले मित्र विचारतात. मला उलट वाटते. गज्वी त्या घरात गेले आणि त्यांनी सिद्धेश्वरशास्त्र्याला त्याचे घर दिले, त्याची भीती दिली, आपल्याच अवहेलनेला धर्म समजून चिकटून राहण्याचे त्याचे कारणही दिले. जातिव्यवस्था ही उतरंड आहे, तिच्या प्रत्येक पायरीवर वरचा मान आणि खालचा तिरस्कार असतो, हे बाबासाहेबांनी शिकवले. 'किरवंत' ते वरच्या पायरीच्या पोटात शिरून दाखवते. दलित नाटककार ब्राह्मणाच्या घरात एवढ्या समजुतीने जाऊ शकतो. मग उलट दिशेची वाट एवढी अवघड का व्हावी? प्रतिभेचा प्रश्न असता तर तेंडुलकर कोणापेक्षा उणे नव्हते.

नाटकात घर जे करते ते माहितीपटात कॅमेऱ्याची जागा करते. आनंद पटवर्धन यांचा 'जय भीम कॉम्रेड' २०११ साली पूर्ण झाला. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली, लोक रस्त्यावर आले आणि राज्य राखीव पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसे मारली गेली. चार दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी आपल्या झोपडीत गळफास घेतला. डाव्या सांस्कृतिक चळवळीत गाणारा हा कवी जाताना डोक्याला निळी पट्टी बांधून गेला. पटवर्धनांनी १९८५ च्या 'हमारा शहर'मध्ये त्यांचे गाणे चित्रित केले होते. त्या निळ्या पट्टीचा अर्थ लागत नाही म्हणून ते चौदा वर्षे वस्त्यांमधून हिंडले.

तीन तासांहून लांब असलेला हा चित्रपट मला लांब वाटला नाही, कारण तो ऐकतो. वस्तीतली म्हातारी, कचरा उचलणारा कामगार, जलशातला गायक, सगळे आपापले वाक्य पुरे करतात. टँकर पेटवले जाणार होते म्हणून गोळ्या झाडाव्या लागल्या, हा पोलिसांचा बचाव चित्रफितीच्या आधारे तपासला जातो. कबीर कला मंचाच्या शीतल साठे गातात तेव्हा गाणे हा विचार आहे, दोन मुलाखतींच्या मधला विसावा नव्हे, हे लक्षात येते. मात्र एक खटकते. दिग्दर्शकाचा डोळा 'कॉम्रेड'कडे जरा अधिक वळतो. धम्माने या माणसांच्या जगण्यात काय बदलले, याची चौकशी त्या मानाने त्रोटक राहते. पण घोगरे यांना त्यांच्याच संघटनेने दूर केले होते ही गोष्ट चित्रपट दडवत नाही, याचे श्रेय दिले पाहिजे.

स्टॅलिन के. यांचा 'इंडिया अनटच्ड' (२००७) अनेक राज्ये आणि अनेक धर्म हिंडून येतो. शीख, ख्रिस्ती, मुसलमान, कोणीही सुटत नाही. कधी कधी तो नुसती यादी होतो. एका गावात डोळा रुळतो न रुळतो तोच पुढचे गाव. तरी त्याचे एक मोल आहे. अस्पृश्यता पाळणाऱ्यालाच तो कॅमेऱ्यासमोर बसवतो, आणि ती माणसे शरमेचा लवलेश न ठेवता शास्त्र सांगतात. दिव्या भारती यांचा तामिळ 'कक्कूस' (२०१७) मैला साफ करणाऱ्या कामगारांवर आहे. त्याच्या जाहीर प्रदर्शनात पोलिसांनी अडथळे आणले, म्हणून तो यूट्यूबवरून लोकांपर्यंत गेला. तो पाहवत नाही. पण पाहवत नसलेले ते काम कोणाला तरी रोज करावे लागते, तेव्हा सौंदर्यशास्त्राची चर्चा इथे जरा बाजूला ठेवू.

हसवणाऱ्या नाटकाविषयी आपल्याकडे उगाच संशय असतो. राजकुमार तांगडे यांनी लिहिलेले, नंदू माधव यांनी बसवलेले आणि संभाजी भगत यांची मूळ कल्पना व गाणी असलेले 'शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला' (२०१२) यांनी तो फेडला. शिवाजीचा विचार ज्यात आहे तो जिरेटोप घेऊन यम मापाचे डोके शोधत फिरतो, ही कल्पनाच फक्कड. इथे भीमनगर मोहल्ला ही दया करण्याची जागा नाही. इतिहासाची उलटतपासणी तिथेच चालते.

महाविद्यालयातील मित्र विचारतात, गॅदरिंगला काय बसवू? गज्वी यांची 'घोटभर पाणी' ही एकांकिका घ्यावी. दोन नट लागतात, नेपथ्य लागत नाही, पडदाही नसला तरी चालतो. सभागृह मिळाले नाही तर पाणवठ्याजवळ करावी.