गाठ आणि साखळी

तमिळनाडूतल्या पापनाशमच्या एका मराठी घरात ही शाल मी प्रथम पाहिली, तेव्हा ती लाकडी झोपाळ्याच्या कड्यांवर वाळत होती. उन्हं कलली होती. शालीची सावली भिंतीवर पडली होती आणि ती सावलीसुद्धा विणलेली दिसत होती. यजमानीणबाईंनी ती काढून माझ्या मांडीवर ठेवली. पांढरा सुती धागा, बहुधा 20 नंबरचा. उघडली तर दोन्ही खांदे झाकून कोपरापर्यंत येईल एवढी, आणि वजन एखाद्या रुमालापेक्षा जेमतेम जास्त.

पहिल्या नजरेला मी तिला क्रोशाकाम समजले, दुसऱ्या नजरेला टॅटिंग. दोन्ही खरं होतं. क्रोशाच्या सुईवर केलेलं हे टॅटिंग आहे, आणि या शालीचं सगळं सौंदर्य त्या जोडीत आहे.

क्रोशाचा स्वभाव साखळीचा. एक टाका दुसऱ्यातून ओढायचा. शेवटचा धागा ओढला की सगळं उसवतं. टॅटिंगचा स्वभाव गाठीचा. बोटभर लांबीच्या शटलवर धागा गुंडाळायचा, दोन अर्ध्या गाठी उलटसुलट घालून एक पुरी गाठ करायची, अशा गाठींची माळ ओढून कडी मिटवायची. एकदा मिटलेली कडी उघडताना भल्याभल्यांचे डोळे दुखतात. इटालियन लोक या कामाला बडबड म्हणतात आणि फ्रेंच लोक उथळपणा. ज्यांनी एकही कडी मिटवली नाही, त्यांनीच ही नावं ठेवली असावीत.

शाल करताना शटलची अडचण होते. त्यावर धागा थोडाच मावतो, म्हणजे पुन्हा पुन्हा नवा जोड आणि पुन्हा पुन्हा लपवायची टोकं. शिवाय गाठींचं एवढं मोठं कापड अंगावर कडक बसतं. इथे सुई कामाला येते, पण नेहमीची नाही. अंगठा टेकायला मधे चपटी केलेली सुई चालत नाही. टोकापासून शेवटपर्यंत एकसारख्या जाडीची, लांब दांड्याची सुई लागते. तिच्या दांड्यावर गाठी ओळीने चढवत जायच्या, मग टोकात धागा अडकवून त्या सगळ्या गाठींमधून एका ओढीत बाहेर काढायचा. कडी वळते आणि तिथूनच क्रोशाची साखळी पुढे निघते. धागा थेट गुंडीतून येतो. कडी मिटेपर्यंत प्रत्येक गाठ समोर दिसते, चूक सुधारता येते. गाठींच्या पोटातून धाग्याचे एकाहून जास्त पदर गेल्याने कडी किंचित फुगीर होते, पण मधल्या साखळ्या लवचीक असल्याने अंगावर पडते छान.

आता नक्षी पाहा. मानेजवळच्या कड्या चार-चार गाठींवर पिको (दोन गाठींमध्ये मोकळा सोडलेला धाग्याचा इवलासा फास) घेतलेल्या, हरभऱ्याएवढ्या. खाली येता येता गाठी वाढतात, कड्या मोठ्या होतात, आणि साखळ्या मात्र तेवढ्याच राहतात. त्यामुळे खांद्याजवळ वीण दाट आणि पाठीवर हवेशीर. हे मोजून केलेलं आहे. हात सैल सोडून असा घेर येत नाही. साडीला आपण जे पिको करतो, ते नाव याच पिकोवरून आलं. सुरुवातीच्या काळात टॅटिंगच्या कड्या सुट्या करून सुईदोऱ्याने जोडत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला पिकोतूनच जोडण्याची युक्ती रुळली, आणि दागिन्यासारख्या सुट्या कड्यांचं कापड झालं. या शालीत प्रत्येक कडी शेजारणीला दोनच पिकोंनी धरते, उरलेले पिको रिकामे. या रिकाम्या पिकोंनीच भिंतीवरच्या सावलीला काठ दिला होता.

पापनाशमच्या उंबऱ्यापुढच्या रांगोळ्या, म्हणजे कोलमं, पाहिलेल्या डोळ्यांना ही नक्षी ओळखीची वाटते. ठिपक्यांभोवती वेटोळी घेत रेघ जिथून निघाली तिथे परत येते, ती सिक्कु कोलम. फरक एवढाच की तिथे रेघेच्या पोटात ठिपका असतो आणि इथे काहीच नसतं. मला त्या काहीच नसण्याचं अप्रूप वाटतं.

तमिळ मुलखाला लेस नवी नाही. मिशनरी मार्था मॉल्ट 1819 मध्ये नागरकोविलला आल्या आणि त्यांनी तिथल्या बायकांना लेस शिकवली, ती बॉबिनची. क्रोशाचं वेडही इथलंच: 31 जानेवारी 2016 रोजी चेन्नईत मांडलेल्या क्रोशाच्या पांघरुणाने 11,148.5 चौरस मीटरांचा विश्वविक्रम केला. त्या अवाढव्य पांघरुणाचं कौतुक आहेच. पण मला हातात मावणारं काम जास्त बोलकं वाटतं.

एक उणं सांगते. काठाच्या शेवटच्या ओळीत पिको फार झाले आहेत. वर इतका संयम राखणाऱ्या हाताला तिथे मोह आवरला नाही. तीनऐवजी एकेक पिको असता तर काठ हलका राहिला असता.

आपल्याकडे असं काम रुखवतात मांडतात आणि मग ट्रंकेत डांबराच्या गोळ्यांसोबत ठेवतात. ही शाल धनुर्मासातल्या पहाटे अंगावर घेऊन त्या बाई दारात कोलम घालतात. खांद्याजवळच्या दोन कड्या विरल्या होत्या, त्या त्यांनी पुन्हा घातल्या आहेत. नवा धागा थोडा जास्त पांढरा दिसतो.