मैना अर्धीच का गाता?

यंदाच्या भीमजयंतीला भाट्यात आमच्या वाडीवर ऑर्केस्ट्रा आणला होता. गायकाने 'माझी मैना' धरलं. मैनेचं रूप, तिचं चालणं-बोलणं गाऊन झालं. पोरं नाचली, नोटा उधळल्या. आणि मैनेचा घरधनी मुंबईला पोचायच्या आतच पठ्ठ्यानं दुसरं गाणं सुरू केलं. "पुढचं म्हणा की!" मी ओरडलो. तर म्हणतो, "पब्लिकला एवढंच लागतं." अरे, मग मी कोण?

दोस्तहो, ही छक्कड अण्णाभाऊ साठ्यांची. वाटेगावाहून बापाबरोबर पायी मुंबईला आलेला, गिरणीत राबलेला माणूस. १९४४ साली अमर शेख, गव्हाणकरांबरोबर त्यांनी लाल बावटा कलापथक काढलं. (काहीजण विचारतात, लाल बावट्याचं गाणं आपल्या मंचावर कशाला? बाबासाहेबांवरचं अण्णाभाऊंचं गाणं म्हणताना हा प्रश्न कुठे जातो?) छक्कड तमाशातली, शृंगाराची. अण्णाभाऊ तिथूनच सुरुवात करतात. ऐकणारा गुंगला की त्याला मुंबईच्या बेकारीत आणून आदळतात, आणि तिथून थेट बेळगाव-कारवारला नेतात. बायको दुरावली तसा मुलूख दुरावला. हा धक्का काढला की उरते नुसती लावणी.

अमर शेखांनी ती संयुक्त महाराष्ट्राच्या सभांत गायली. हजारोंच्या मैदानात पहाडी आवाज लावला की मैना एकट्याची राहत नाही, सगळ्यांची होते. १ मे १९६० ला राज्य झालं, मुंबई मिळाली, बेळगाव राहिलं. पुढे विठ्ठल उमपांनी (१९३१–२०१०) हेच गाणं गायलं. त्यांच्या गळ्यात मला नकाशाआधी माणूस ऐकू येतो. सुरुवातीलाच सूर असा ओढतात की वाटतं, एसटी सुटली नि हा मागे वळून बघतोय. माझ्या मते उमप सरस. पण लढा पेटलेला असताना मी ऐकणारा असतो तर शेखांच्याच मागे गेलो असतो, हेही खरं.

आमचा आजा मुंबईत गिरणीत होता. १९८२ च्या संपानंतर रिकामी ट्रंक घेऊन गावी आला. तोवर आजी भाट्याच्या खाडीत गुडघाभर पाण्यात तिसऱ्या वेचायची, रत्नागिरीत नेऊन विकायची. मी तिला मोबाईलवर उमप ऐकवले. डोळे पुसले तिने. मग म्हणाली, "ह्यो रडतोय खरा. पन ती गावाला काय खात हुती, ता कोन सांगल?"

माझी बोलती बंद. शेख असोत, उमप असोत, आवाज जाणाऱ्याचा. आणि ऑर्केस्ट्रावाला तर तिचं रूपच तेवढं विकतो. मी स्वतः इचलकरंजीच्या सूतगिरणीत रात्रपाळी करतो, बायको भाट्यात. हे गाणं मी शंभरदा म्हटलं असेल, तिला एकदाही म्हणायला दिलं नाही.

पुढल्या जयंतीला ऑर्केस्ट्रा नको, वाडीतल्या बायांनी ही छक्कड अख्खी म्हणावी, असं मंडळात मांडलंय. कुरकूर आहे. तरी ढोलकी मिळाली, कडवी मी कागदावर उतरवून दिलीत. आजी म्हणते, "मी नाय म्हननार. मी फुडं बसून ऐकनार."