टर्मिनलवर आलेलं शून्य आणि जामखेड

मागच्या उन्हाळ्यात सिनॉप्सिसच्या कच्च्या मसुद्यात मी एक वाक्य बिनधास्त ठोकून दिलं होतं: 'जामखेडच्या आरोग्य प्रकल्पातील व्यक्तींची नोंद ऑनलाइन निर्देशिकांमध्ये उपलब्ध नाही.' पुरावा काय, तर टर्मिनलवर आलेली रिकामी यादी. गाइडनी समासात लिहिलं, "कोणाला विचारलं? काय विचारलं?" ते वाक्य आता खोडलंय. का, ते सांगते.

आधी थोडी पार्श्वभूमी. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेडला ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावातल्याच बायकांना शिकवून ग्राम आरोग्य सेविका केलं. १९७९ मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. सार्वजनिक आरोग्य शिकणाऱ्यांच्या तोंडी 'जामखेड' म्हणजे गाव नसतंच, हा प्रकल्प असतो.

वेबसाइटवर क्लिक करण्याऐवजी मी कर्ल वापरून एपीआयला प्रश्न विचारते आणि आलेलं उत्तर जेक्यूने चाळते. याचा खरा फायदा वेग नाही. विचारलेला प्रश्न अक्षरशः तसाच फाइलमध्ये उरतो, हा आहे. सहा महिन्यांनी तोच प्रश्न पुन्हा विचारता येतो, परीक्षकाला दाखवता येतो. पण याच गोष्टीने माझी फसगत केली. काळ्या पडद्यावरचं उत्तर फार अधिकृत वाटतं हो! शून्य आलं की आपण मान डोलावतो.

विकिडेटाचंच बघा. मी नावं आपल्या सरकारी कागदावर लिहितात तशी दिली: आधी आडनाव. तिथली नोंदी शोधण्याची जी नेहमीची कमांड आहे ती नोंदीचं शीर्षक किंवा पर्यायी नाव सुरुवातीपासून जुळवते. शीर्षक 'रजनीकांत'ने सुरू होत असेल तर 'आरोळे' टाकून ते सापडणार नाही. आणि मर्यादा सांगितली नाही, तर उत्तरं सातच येतात. आठव्याचा पत्ता लागत नाही. इंग्रजी विकिपीडियावर दोघांवरही लेख आहेत, म्हणजे नोंद असणारच होती. चूक माझी होतीच, पण माझी तक्रारही आहे: रिकामी यादी देताना 'मी फक्त सुरुवातीपासून जुळवलं' एवढं सांगायला काय जातं? ते वाचायला मॅन्युअल उघडावं लागतं, आणि शून्य आल्यावर मॅन्युअल कोण उघडतं? पूर्ण मजकुरात शोधणारी वेगळी कमांड त्याच एपीआयमध्ये आहे. ती आधी वापरा.

लिपीची भानगड वेगळीच. 'जामखेड' यूनिकोडमध्ये सहा चिन्हांचं, म्हणजे अठरा बाइटचं. पत्त्यात नीट एन्कोड करून पाठवलं नाही तर प्रश्नच मोडतो. रोमनमध्ये 'ळ' कुठे? तो 'ल' होऊन बसतो, आणि तिथून कोणी परत देवनागरीत आणलं की 'आरोळे'चं 'अरोले' होतं. मेबल, मेबेल, मॅबेल असे तिन्ही प्रकार करून बघावे लागतात. जिल्ह्याचं नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झालं, पण जुने शोधनिबंध अहमदनगरच म्हणत राहणार. दोन्ही विचारा.

ऑर्किडमध्ये मात्र शून्याचा अर्थ पार बदलतो. तिथे ज्याची त्याने नोंद करायची असते, आणि ही निर्देशिका सुरू झाली ऑक्टोबर २०१२ मध्ये. मेबल आरोळे १९९९ मध्ये गेल्या, रजनीकांत २०११ मध्ये. त्यांना तिथे शोधणं म्हणजे शाळा बांधण्याआधीच्या विद्यार्थ्याचं नाव तिच्या हजेरीपटात बघणं. उलट त्याच आडनावाचं भलतंच कोणी सापडून घोटाळा व्हायचा. आरओआर ही संस्थांची निर्देशिका २०१९ पासूनची. संशोधनाशी संबंध असलेल्या संस्थांपुरती. गावचं महिला मंडळ त्या व्याख्येतच बसत नाही. शिवाय एका पानावर वीसच नोंदी येतात. पुढचं पान मागावं लागतं.

आता मुख्य गोष्ट. प्रकल्पाचं काम घरोघर नेलं ते सेविकांनी. कित्येकींना लिहिता-वाचता येत नव्हतं, कित्येक दलित वस्तीतल्या. त्यांची नावं अचूक लिहा, एन्कोडिंग चोख ठेवा, पानं उलटत राहा. ऑर्किड संशोधकांसाठी आहे, विकिडेटाला सहसा सार्वजनिकरीत्या उपलब्ध संदर्भ लागतो. त्या बाहेरच राहतात. डॉक्टरांच्या बाबतीतलं शून्य माझ्या कमांडमुळे आलं होतं. सेविकांच्या बाबतीतलं निर्देशिका कोणासाठी बांधली त्यामुळे येतं. प्रबंधात दोन्ही शून्यं एकाच रकान्यात टाकली, तर आपण नकळत म्हणतो की डॉक्टर आणि सेविका सारख्याच कारणाने गायब आहेत. हे साफ खोटं आहे.

मग आपणच नोंदी भराव्यात का? मला मोह झाला होता. पण हयात बाईचं नाव, गाव तिला न विचारता जगभर उघडं करणं मला पटत नाही.

सध्या माझ्या तक्त्यात प्रत्येक शोधापुढे तारीख, निर्देशिका, नावाचं नेमकं रूप आणि एक नवा रकाना आहे: 'शून्य कशामुळे'. सेविकांच्या ओळींत तिथे 'निर्देशिकेच्या कक्षेबाहेर' लिहिलंय, आणि पुढे 'प्रत्यक्ष भेट'. त्या कामासाठी पुढच्या महिन्यात नगरहून जामखेडची एसटी धरायची आहे.